एका पिवळ्या सकाळची कच्ची फाईल

त्या दिवशी उजेड नेहमीच्याच वाटेने आला. आधी तो समोरच्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीवर उतरला आणि पुढे जावे की न जावे अशा विचारात पडल्यासारखा तिथेच थोडा रेंगाळला. मग टाकीखालच्या एका बंद खिडकीवर आला, तिच्या काचेने त्याला रस्त्यापलीकडे फेकले, आणि तो आमच्या खिडकीच्या गजांमधून आत शिरला. त्याला सोनेरी म्हणता आले नसते. पाणी घातलेल्या दुधासारखा तो पातळ, पांढरा, काहीही सांगायचे नसलेला उजेड होता. खिडकीला पडदा नव्हता. आईने तो आदल्या संध्याकाळी धुवायला काढला होता. म्हणून वाटेत उजेडाला कोणी अडवले नाही की रंगवले नाही. तो भिंतीवर चढला. पेन्सिलीने आखून बोटाने पुसाव्यात इतक्या फिक्या गजांच्या सावल्या त्याने तिथे ठेवल्या. खुंटीवरच्या छत्रीच्या मुठीला तो शिवला, कॅलेंडरच्या सुटलेल्या कोपऱ्याखाली डोकावला, आणि मग घाई नसलेल्या पाहुण्यासारखा टेबलाशी येऊन बसला. टेबलावर चहाचा पेला होता. पेल्यावर वाफ होती. वाफेपलीकडे एक हात, हाताला लागून पांढऱ्या सदऱ्याची बाही, आणि त्याहून वर, अर्धा उजेडात आणि अर्धा सावलीत, बाबांचा चेहरा होता. रस्त्यावरून जाणाऱ्या पहिल्या बसकडे ते बघत होते.

तेवढ्यात एक बारीक आवाज झाला, आणि मी जन्मले.

मित्रांनो, मी एक जुनी कच्ची फाईल आहे. कच्ची म्हणजे अर्धवट, असा समज करून घेऊ नका. कॅमेरा एरवी साधा फोटो तयार करतो, तेव्हा तो स्वयंपाक करून ताट वाढतो. रंग कोणता, उजेड किती, हे तोच ठरवतो आणि उरलेले टाकून देतो. माझ्यासारखी फाईल करताना मात्र तो काहीच ठरवत नाही. भिंगातून आला तेवढा उजेड तो निवडल्या-पाखडल्याशिवाय पोत्यात भरतो. म्हणून मी दिसायला फिकी आणि वजनाला जड. आमच्या जातीचा आणखी एक गुण आहे. संगणकातले फोटोंचे सॉफ्टवेअर माझ्यावर कितीही रंग चढवो, मी बदलत नाही. ते बिचारे बाजूला नुसते लिहून ठेवते, की उजेड इतका वाढवा, पिवळा इतका उतरवा. त्या सूचना म्हणजे माझे कपडे. कपडे उतरवले की आत मी जन्मले तशीच असते.

ज्याच्या बोटाने मला जन्म दिला त्याला घरात मुनी म्हणत. लहानपणापासून मौन धरून बसण्याच्या सवयीवरून बाबांनीच ते नाव ठेवले होते, आणि पुढे त्याचे खरे नाव शाळेच्या दाखल्यापुरते उरले. तो आता पोटापाण्याला लागलेला तरुण होता, पण पाहुणे आले की अजूनही स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाई आणि पाहुणे उठेपर्यंत त्याची तहान भागत नसे. कॅमेरा डोळ्याला लावला की मात्र त्याला माणसांकडे बघता येई. मधे काच असली म्हणजे पुरे.

बाबांनी आयुष्यभर बस चालवली होती. निवृत्त झाल्यावरही पहिली बस सुटायच्या वेळी त्यांना जाग येई, आणि ती वेळेवर गेली की नाही हे खिडकीतून बघितल्यावाचून त्यांचा चहा गोड लागत नसे. त्यांनी एक दिवसाचीही आजारपणाची रजा घेतली नव्हती, असे आई लोकांना सांगे. ती हे जराशा तक्रारीच्या सुरात सांगे, पण त्यात अभिमान असे.

कॅमेऱ्याच्या कार्डातून आम्ही संगणकात उतरलो तेव्हा आम्ही बरीच भावंडे होतो. एकीत बाबांचे डोळे मिटलेले, एकीत जांभई, एकीत हात हललेला. मुनीने आम्हाला तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवले, एकेकीला मोठी करून पाहिले, डोळे मिटलेल्यांना आणि जांभईवालीला नापास केले, आणि मला पाचही तारे दिले. मग आम्हा सर्वांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती डिस्क कपाटात ठेवली. याच कपाटात त्याला एका जोडीचे दोन मोजे कधी सापडत नसत. फोल्डर मात्र डोळे मिटून सापडावेत इतके नीटनेटके. आमचा संगणक बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलाला लागून होता. बघण्यासाठी मला कोणीतरी उघडावे लागते, परंतु ऐकण्यासाठी तसे काही लागत नाही. म्हणून या घरातले पुष्कळसे मला ठाऊक आहे.

मुनी एका फोटो स्टुडिओत कामाला होता. ओळखपत्रांचे आणि समारंभांचे फोटो सुधारणे हे त्याचे काम. तिथले मालक मोठ्या आवाजाचे गृहस्थ होते. एकदा एका टक्कल पडलेल्या गिऱ्हाइकाने फोटोत केस जरा दाट करायला सांगितले, तर ते म्हणाले, “साहेब, केस कापायला न्हावी पुरतो, उगवायला देव लागतो!” हे मुनीने जेवताना सांगितले तेव्हा बाबांना ठसका लागला होता. याच मालकांनी मुनीला त्याच्या धंद्यातले पहिले सूत्र शिकवले होते. समारंभांच्या हॉलमधले दिवे पिवळे असतात, त्यामुळे त्या उजेडातली सगळी माणसे पिवळी येतात. मालक त्याच्या खुर्चीमागे उभे राहून दिवसभर ओरडत, “पिवळा काढ रे, पिवळा काढ! माणूस पिवळा नसतो, दिवा पिवळा असतो!” हे इतक्यांदा ऐकल्यावर ते मुनीच्या कानात न राहता बोटांत उतरले होते.

घरी त्याने मला पहिल्यांदा सुधारायला घेतले, तेव्हा बोटे आपण होऊन त्या कामाला लागली, कारण बाबा पिवळे दिसत होते.

सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एक ड्रॉपर असतो. फोटोतली जी जागा खरोखर पांढरी आहे तिच्यावर तो टेकवायचा. मग सॉफ्टवेअर ती जागा शुद्ध पांढरी करते आणि त्याच मापाने बाकीचे सगळे रंग सरकवते. मुनीने ड्रॉपर बाबांच्या मागच्या भिंतीवर टेकवला. ती भिंत त्याने स्वतःच वर्षभरापूर्वी पांढरी रंगवली होती. भिंत होती तशी पांढरी झाली. बाबा पिवळेच राहिले.

 मग त्याने ती सुधारणा पुसली, चित्र खूप मोठे केले, आणि ड्रॉपर बाबांच्या डोळ्यावर, बुबुळाच्या बाजूला टेकवला. डोळ्यातले पांढरे पांढरे असायलाच हवे, असे त्याने ठरवून टाकले. त्यासरशी बाबा ताजेतवाने झाले. गालांवर रंग आला, डोळे निवळले, पाच वर्षांनी तरुण झाल्यासारखे दिसू लागले. मागची भिंत तेवढी निळी पडली. भिंतीकडे त्याने पाहिले नाही.

मुनीची ताई लग्न होऊन दूरच्या गावी राहत होती. तिचा फोन आला की आई तो टेबलावर ठेवी आणि सगळे मिळून बोलत.

“काय रे मुन्या, बाबांचा आवाज दमल्यासारखा येतो. बरे आहेत ना?”

“बरे आहेत.”

“तू ‘बरे आहेत’ म्हणालास की माणूस जिवंत आहे एवढंच कळतं. फोटो पाठव बघू एखादा.”

त्याने मला पाठवले. म्हणजे मला नव्हे, माझ्यावर चढवलेल्या त्या कपड्यांचा साधा फोटो काढून पाठवला. थोड्याच वेळात ताईचा पुन्हा फोन आला. “अगं बाई, बाबा तर काय टवटवीत दिसतायत! आई, तूच जरा आराम कर.” बाबा हसले. मुनीही हसला. त्यानंतर दर दोन-चार आठवड्यांनी बाबांचा एक फोटो असाच ताईकडे जाऊ लागला, आणि प्रत्येक वेळी ड्रॉपर त्यांच्या डोळ्यावरच टेकला.

आईला मात्र काहीतरी खुपत होते. एका दुपारी ती मुनीच्या मागे येऊन उभी राहिली. हातात ओला टॉवेल होता.

“मुन्या, बाबांचं अंग फार खाजतं रे. साबण बदलून पाहिला. जेवणही उतरलंय. आणि मला ते जरा पिवळट वाटतात. तुला?”

मुनीने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर मी होते. “हे बघ. आहेत का पिवळे? खिडकीच्या पडद्याचा रंग पडतो चेहऱ्यावर, म्हणून तसं वाटतं.”

“पडदा?” आई वाकून बघत म्हणाली. “हा फोटो काढलास त्या दिवशी पडदा बादलीत होता.”

“मग समोरच्या इमारतीचा असेल. तिच्यावरून उजेड येतो ना.”

“ती तर राखाडी आहे.”

“आई, हे जरा तांत्रिक आहे.”

“असेल बाबा. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि तू मला आत झोपलेला माणूस संगणकात बघायला सांगतोस.” ती निघाली, पण दारातून परत आली. “आणि ही भिंत कुणाची? आपण निळा रंग कधी दिला?”

मुनीने संगणकाचा पडदा परत आपल्याकडे वळवला. आईने पुन्हा विचारले नाही; ज्या उत्तराची भीती वाटते तो प्रश्न माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही.

रात्रीच्या जेवणाला तिने बाबांनाच डॉक्टरकडे जायचे सुचवले. त्यावर बाबा म्हणाले, “पिवळा दिवा लागला म्हणून कोणी बस डेपोत नेत नाही. जरा हळू व्हायचं, एवढंच.” मग आई हसली नाही म्हणून त्यांना आणखी सुचले. “कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. आपल्याकडे उलटाच कारभार. जगालाच मी पिवळा दिसतोय!” तिघेही हसले. मित्रांनो, त्या आजाराचा शब्द असा त्या खोलीत आला, चांगला टेबलाशी बसला, आणि लोक हसल्यामुळे उठून गेला.

निळी भिंत मुनीला सलत होती. एका सुट्टीच्या दुपारी त्याने मला पुन्हा उघडले आणि स्टुडिओत नवऱ्या मुलींसाठी करायचे नाजूक काम बाबांसाठी केले. आधी ड्रॉपर भिंतीवर टेकवून खोली खरी करून घेतली. मग बाबांच्या भोवती, कानाच्या पाळीपासून मनगटापर्यंत, अगदी सावकाश एक रेघ फिरवली. या रेघेला मास्क म्हणतात. तिच्या आत जे बदलाल ते आतच राहते, बाहेर सांडत नाही. रेघेच्या आतला पिवळा त्याने थेंबाथेंबाने उतरवला. आता भिंतही पांढरी होती आणि बाबाही निरोगी होते. काम अप्रतिम झाले होते. मालकांनीही त्यात खोट काढली नसती.

परंतु भिंत आणि बाबा एकाच उजेडात बसले होते. चूक उजेडाची असती, तर ती दोघांवर सारखीच पडली असती. बाबांपुरती वेगळी रेघ ओढावी लागली, याचा अर्थ काय होतो, हे रंगांचे काम करणाऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. मुनीने ते वाक्य मनात पूर्ण होऊ दिले नाही. त्याने त्या सुंदर चित्राचा साधा फोटो करून घेतला, आणि नेमक्या त्याच वेळी संगणकाने जागा संपत आल्याची सूचना दिली.

“संपणारच,” आई आतून म्हणाली. “एका बाबांचे किती फोटो! लोणचं घालणार आहेस का त्यांचं?”

घरोघरी असे होते. जागा कमी पडली की लोक तयार फोटो ठेवतात आणि आम्हा जड फाइलींना निरोप देतात. मुनी असे कधी करत नसे. मूळ फाईल पुसणे हे त्याला वंगाळ वाटे. त्या दुपारी मात्र त्याने माझे पाचही तारे काढून घेतले आणि मला नापासाची खूण केली. मी करडी पडले. कपाटातल्या डिस्कवरची माझी प्रतही पुसायची असे ठरवून त्याने ती डिस्क टेबलावर आणून ठेवली. “नापास फाइली कायमच्या काढून टाकायच्या का?” असे सॉफ्टवेअरने विचारले. मुनीचे बोट बराच वेळ तसेच राहिले. मग आईने भाजी आणायला हाक मारली आणि तो उठला. मी करडीच पडून राहिले. ज्या ठिकाणी बाबांचा खरा रंग जपलेला होता, ते ठिकाण एका बोटावर अडले होते.

त्याच आठवड्यात ताई आली, कडेवर आपल्या छकुलीला घेऊन. ती पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि बाहेरच्या खोलीतल्या जुन्या दिव्याखाली सगळेच सारखे पिवळे दिसत होते. बाबा नातीला मांडीवर घेऊन बसले आणि लवकरच दमून झोपायला गेले.

सकाळी ताई उठली तेव्हा पहिली बस केव्हाच गेली होती, आणि बाबा अजून झोपलेले होते. हे तिला विचित्र वाटले. छकुलीला आईजवळ देऊन ती संगणकाशी आली.

“मुन्या, बाबांचा तो पहिला फोटो मोठा करून दे ना. आमच्या घरी लावते. कुठल्या फोल्डरात आहे?”

मुनीने फोल्डर उघडले. तयार फोटो तिथे होता. त्याच्या शेजारी मी होते, करडी.

“ही का अशी रुसलीये?” असे म्हणत ताईने माझ्यावर टिचकी मारली. मी उघडले. अंगावर मुनीने घातलेले कपडे होतेच, त्यामुळे आधी तिला तेच टवटवीत बाबा दिसले. कोपऱ्यात एक बटण असते. ते दाबून धरले की कपडे उतरतात आणि मूळ चित्र दिसते.

“आणि हे बटण कसलं?” तिने विचारले, आणि उत्तराची वाट न बघता दाबले.

कपडे उतरले आणि पडद्यावर पिवळे बाबा आले. ताईने बटण सोडले, पुन्हा दाबले.

“हे काय आहे?”

“कच्ची फाईल. न सुधारलेली.”

“मी फाईलचं नाही विचारत. बाबांचे डोळे बघ.”

“तो व्हाईट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग...”

“मुन्या.” तिचा आवाज एकदम खाली आला. “छकुली झाली तेव्हा पिवळी पडली होती ना? तेव्हा सिस्टरने मला काय सांगितलं होतं माहितीये? दिव्याखाली बघू नका. खिडकीशी न्या आणि डोळे बघा. हे बाबा खिडकीशीच बसलेत. बघ.”

मुनी टेबलाच्या कडेकडे बघत होता.

“मला पाठवलास तो फोटो कुठला?”

“हाच.”

“आणि नंतरचे?”

“तेही असेच केलेत.”

“मी तिकडे सगळ्यांना दाखवत होते रे. बघा, माझे बाबा या वयात कसे आहेत म्हणून.”

ती ओरडली असती तर मुनीला सोपे गेले असते. ती आत गेली, बाबांना उठवून हाताला धरून खिडकीशी घेऊन आली, आणि अंगठ्याने त्यांच्या डोळ्याखालची पापणी हलकेच खाली ओढली.

“काय गं,” बाबा झोपेतल्या आवाजात म्हणाले, “मला काय बाजारात विकायला काढलंय? दातही बघून घे.”

“बाबा, बोलू नका. वर बघा.”

उजेड नेहमीच्याच वाटेने आत आला होता. आई दारात येऊन उभी राहिली. ताईने पापणी सोडली, बाबांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि म्हणाली, “चपला घाला. आपल्याला जायचंय.” नेहमी उलट उत्तर देणारे बाबा त्या दिवशी काही न बोलता चपला शोधू लागले. तेव्हा मला वाटले, कोणीतरी हे म्हणावे याची ते स्वतःही वाट बघत होते.

निघण्यापूर्वी ताईने माझ्यावरची नापासाची खूण काढली. माझा रंग परत आला. ते तिने मुद्दाम केले की हात लागून झाले, हे मला ठाऊक नाही.

पुढचे मी टेबलाशी झालेल्या बोलण्यांतून जोडत गेले. बाबांच्या पोटात एक गाठ होती आणि तिने पित्ताची वाट अडवली होती. ती काढता येण्याच्या पलीकडे गेली होती. इस्पितळात वाट मोकळी करायला एक नळी बसवणार होते. डॉक्टर आईला, ताईला आणि मुनीला समोर बसवून म्हणाले होते, “नळीने रंग उतरेल, खाज थांबेल, थोडं खाता येईल. दुखणं राहील.” ताईने विचारले होते की आधी आलो असतो तर? डॉक्टरांनी सांगितले की ते आता कोणालाच सांगता येणार नाही. हे शेवटचे वाक्य ताईने घरी आल्यावर मुनीला पुन्हा ऐकवले. तो तेवढ्या दिलाशासाठी थांबला आहे हे तिला कळले असावे.

नळी बसली, आणि डॉक्टर म्हणाले तसा रंग उतरला. बाबा घरी आले. बसच्या वेळी पुन्हा त्यांना जाग येऊ लागली. मुनी रोज सकाळी त्यांचा फोटो काढी, तो संगणकात उतरवी, आणि आता ड्रॉपर भिंतीवर टेकवी. भिंत पांढरी होई आणि तिच्यासोबत बाबांचे डोळेही. मास्क लागत नसे, काहीच लागत नसे. मुनी हरखून गेला. जो कोणाशी बोलत नसे तो जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांनाही थांबवून सांगू लागला, “बाबा सुधारतायत.” ताईला तो आता कच्च्या फाइलीच पाठवू लागला, तिच्या फोनवर त्या धड उघडत नसतानाही.

“ताई, बघ तरी! एवढासुद्धा हात लावलेला नाही.”

“बघते रे.” ताई फोनवर म्हणाली. “रंग गेलाय, मुन्या. दुखणं नाही गेलेलं. डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस ना?”

“डॉक्टर लोक सावध बोलतात.”

“बरं,” ताई म्हणाली.

मित्रांनो, आमच्या जातीतर्फे तुमच्याकडे एक मागणे आहे. जागा कमी पडली म्हणून मूळ फाईल पुसू नका. तिची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा, आणि ती उघडते की नाही हे मधूनमधून पाहत जा. फोटो जरूर सुधारा. त्यात पाप नाही, आणि सुधारलेल्या फोटोने पुष्कळांना आनंद होतो. फक्त ड्रॉपर उचलण्याआधी एकदा त्या माणसाकडे बघा. तो बहुधा शेजारच्याच खोलीत असतो. आणि बघून घेतल्यावर आपल्याला जे दिसले, त्याला दिव्याचे, पडद्याचे किंवा इमारतीचे नाव देऊ नका. आमच्यात जे आहे तेच आम्ही दाखवतो. आडात नसेल तर पोहऱ्यात येत नाही, आणि आडात असेल तर ते कधीतरी वर येतेच.

आता एवढेच सांगायचे राहिले आहे. एका रविवारी सकाळी मुनीने माझे कपडे उतरवून मला परत उघडले, आणि माझ्या शेजारी, त्याच पडद्यावर, त्या आठवड्यातला सर्वांत चांगला फोटो उघडला. टेबल तेच होते, भिंत तीच, बाबांचा सदराही तोच. मी पिवळी होते आणि माझी नवी बहीण स्वच्छ होती. रंग किती फरकाने सुधारला हे त्याला डोळे भरून बघायचे होते, आणि थोडा वेळ त्याने तेवढेच बघितले.

मग त्याची नजर खाली आली. माझ्यात बाबांच्या हाताने बाही भरलेली होती. नव्या फोटोत बाही आपली आपण उभी होती आणि हात तिच्या आत कुठेतरी होता. घड्याळाचा पट्टा मनगटावरून घसरून कोपराकडे गेला होता. माझ्यात त्यांनी पेला एका हाताने सहज धरला होता, नव्या फोटोत दोन्ही हातांनी. मुनीने सवयीने उजव्या बाजूच्या पट्टीकडे पाहिले. तिथे उजेड कमी-जास्त करायचा स्लायडर होता, सावल्यांचा होता, रंगांचे होते, धारदारपणाचा होता. तो एकेकावरून बाण फिरवत शेवटपर्यंत गेला आणि परत वर आला.

“कुठला चांगला आलाय रे?” मागून बाबांनी विचारले. ते खुर्चीला धरून उभे होते.

“पहिला.”

“तो? अरे, तो तर किती पिवळा आहे! आणि हा बघ कसा लख्ख.”

“हो.”

“मग?”

 बाबांनी दोन्ही चित्रांकडे आलटूनपालटून पाहिले, मग मुनीकडे पाहिले, आणि शेजारची खुर्ची ओढून हळूच बसले. त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो हात फार हलका होता. मुनीने मान खाली घातली आणि बाण जिथे होता तिथेच राहू दिला.

बाबा बरे होणार नव्हते.